उद्याचे पंचांग

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणी घ्यायचा यावरून जी लहानशी लढाई होते, ती बहुधा कथांसाठी नसते. ती असते वार्षिक राशिभविष्यासाठी. ‘आमचा यावर मुळीच विश्वास नाही’ असे बजावून गृहस्थ आपली रास वाचतात, मग पत्नीची, मग हळूच साहेबांची. या राशिभविष्याचे एक सख्खे भावंड आहे. ते अंकाच्या मधल्या पानांत राहते, चार बुके जास्त शिकलेले आहे, आणि त्याचे नाव ‘शंभर वर्षांनंतरचे जग’.

वाचकहो, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांतले ते इसवी सन 2000 आठवते का? त्या साली आपण सकाळी पाण्याबरोबर एक गोळी घेणार होतो आणि दिवसभराच्या जेवणाची काळजी मिटणार होती. गच्चीगच्चीवरून विमाने सुटणार होती. नवदांपत्ये मधुचंद्रासाठी खरोखरीच चंद्रावर जाणार होती. सन 2000 आले, आपल्याबरोबर वरणभात जेवले आणि निघून गेले. पुढे 2025 च्या जूनमध्ये आपल्या देशाचे शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी बरोबर काय नेले होते? गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस! गोळीवाल्या भविष्यकारांना हा फराळ दाखवायला हवा होता.

यंत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना फार नावे ठेवता येणार नाहीत. टेलिफोनवर बोलणारा माणूस दिसेल, हे त्यांनी सांगून ठेवले होते. तो दिसू लागला. माणूस चंद्रावर उतरेल म्हणाले. 1969 च्या जुलैत तो उतरला. त्यांचे गणित बिघडले ते घराच्या बाबतीत. त्यांच्या चित्रांतल्या स्वयंपाकघरात सगळीकडे बटणे असत, पण बटण दाबायला पदर खोचून आईच उभी असे. वडील वर्तमानपत्र वाचीत, आणि मुले-नातवंडे ताटावर बसलेली. मुलगा पुण्याला, सून कामावर, नातू सातासमुद्रांपलीकडे आणि आजी परभणीला काचेसमोर चकली धरून ‘बघ रे, काटे कसे छान आले आहेत’ म्हणते आहे, हे चित्र कोणीच काढले नाही. टेलिफोनवर माणूस दिसेल हे सांगितले. एवढ्या दुरून तो का पाहावा लागेल, ते कोणाला सुचले नाही.

मला वाटते, याचे कारण भविष्य लिहिणारे कोण होते यात आहे. ते बसून लिहिणारे लोक होते. (मीही त्यांतलाच, म्हणून हे अधिकाराने सांगतो.)

आमच्या जिल्ह्यात गोदाकाठी गंगाखेड आहे. संत जनाबाईंचे गाव. जनाबाईंच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसतो, खुंट्याला हात लावतो, शेण्या वेचू लागतो, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. भक्तीच्या अंगाने तिचा अर्थ थोर आहेच. पण गेली वीस वर्षे ती वर्गात शिकविताना मला त्यात एका थकलेल्या बाईचे हातही दिसत आले आहेत. पहाटे उठून पायलीभर धान्य दळणाऱ्या बाईने पाहिलेले ते उद्याचे स्वप्न होते: कोणीतरी हातभार लावील. साडेसहाशे वर्षांनी तो हातभार आला. विठ्ठलाच्या नव्हे, तेलावर चालणाऱ्या गिरणीच्या रूपाने. तिची पुकपुक गावात ऐकू आली आणि बायकांची पहाटेची झोप तासादोन तासांनी वाढली. मराठवाड्यातल्या घराघरांत याहून मोठी क्रांती क्वचितच झाली असेल. पण ‘पन्नास वर्षांनी गावोगाव पिठाची गिरणी येईल’ असा लेख एखाद्या दिवाळी अंकात आल्याचे मला तरी आढळलेले नाही. गिरणी आली आणि जात्यावरच्या ओव्या गेल्या, म्हणून आम्ही मराठीचे प्राध्यापक हळहळतो. ती हळहळ खोटी नाही. फक्त हळहळणाऱ्यांपैकी कोणी दळलेले नसते.

आता आकाशाकडे वळू. 14 डिसेंबर 1972 रोजी अपोलो-17 मधील दोघे चंद्रावरून निघाले. त्यानंतर त्या मातीवर कोणी माणूस उतरलेला नाही. त्याच डिसेंबरात मराठवाड्यात बायामाणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती, परदेशातून आलेला मिलो शिजवीत होती आणि पोरे सुकडीच्या रांगेत उभी होती. ते साल मी पाहिलेले नाही. पण आमच्या घरांत ‘बहात्तर साली’ असे म्हटले की पुढे दुष्काळच येतो, चंद्र येत नाही.

त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. आज तेथून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज आणि पिकांचा सल्ला निघतो आणि शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर येतो. अशा अंदाजांमागे 36,000 किलोमीटर उंचीवरून आपल्या ढगांचे फोटो काढणारे उपग्रह असतात. त्यांतला इन्सॅट-3डीएस हा 17 फेब्रुवारी 2024 रोजी वर गेला. अंतराळयुग आमच्या दारी आले ते हे असे. मधुचंद्र राहिला, पेरणी आली. आणि तरीही मृगात चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी आमचा शेतकरी तिघांना विचारतो: फोनला, पंचांगाला (‘या नक्षत्राचे वाहन काय हो, बेडूक की कोल्हा?’), आणि शेवटी बांधावर उभा राहून स्वतःला. मला यात अंधश्रद्धेपेक्षा सावधपणा अधिक दिसतो. बियाणे एकदाच विकत घेता येते, सल्ले कितीही.

पण परभणीकरांच्या स्वप्नातही नव्हते असे भविष्य पुढेच आहे. ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा रागही येईनासा झाला आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत औंढा नागनाथ आमच्या परभणी जिल्ह्यातच होते. ज्योतिर्लिंगाचे स्थान, नामदेवांच्या कीर्तनासाठी येथे देऊळ फिरले, अशी आख्यायिका. जेथे देऊळ फिरले म्हणतात, त्याच परिसराची निवड जमीन हलत नाही म्हणून व्हावी, ही मौज पाहा! येथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले.

ही वेधशाळा आकाश डोळ्याने पाहणार नाही. काटकोनात पसरलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या. त्यांतून लेझरचा किरण टोकाच्या आरशापर्यंत जाऊन परत यायचा. दूर कोठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच तरंग उठतात; तो तरंग पृथ्वीवरून जाताना एक नळी किंचित लांब होते, दुसरी आखूड. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिला तरंग टिपला, तो सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून आला होता. तरंग नेमका आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आला हे कळायला दूरवर आणखी एक कान हवा. तो औंढ्याला.

ही जागा शोधण्याच्या कामात पुण्याची ‘आयुका’ पुढे होती. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला एक कथा पाठविली होती. आपले नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव त्यांनी घेतले, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी. पहिले बक्षीस मिळालेल्या त्या कथेचे नाव ‘कृष्णविवर’! 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. औंढ्याचा कान उघडलेला त्यांना पाहता आला नाही.

एक गोष्ट मात्र मनात खुपते. या यंत्राला शांतता हवी. अवजड कारखाने, रेल्वेची ये-जा, रात्रंदिवस धडधडणारे ट्रक त्याला सोसत नाहीत. ‘आमच्याकडे काही होत नाही’ हे ज्या भागाचे जुने रडगाणे, त्याच्या त्याच उणिवेचे एकदम प्रशस्तिपत्र झाले. प्रशस्तिपत्र चांगलेच आहे. पण तिथल्या तरुणांना कारखाना हवा आहे, धूर आणि धडधड यांच्यासह हवा आहे, आणि त्यांना चुकीचे म्हणण्याचा पगारदार माणसाला काय अधिकार?

यंदा मी प्रथम वर्षाच्या वर्गाला ‘2075 मधील आमचे गाव’ हा निबंध दिला. मुलांनी मंगळावर वस्ती केली, हवेतून एस.टी. चालविली, परीक्षा यंत्राकडून लिहवून घेतल्या (ही शेवटची कल्पना भविष्यकाळातली नव्हे). औंढ्याकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने दीडच पान लिहिले होते. 2075 मध्ये आमच्या गावात नळाला रोज पाणी येईल. ते आणायला कोणाला शाळा बुडवावी लागणार नाही. वेधशाळेत आमच्या गावची मुलगी काम करील, आणि ती झाडलोटीच्या कामावर नसेल. रात्री आठला परतीची बस असेल, म्हणजे ग्रंथालयात बसता येईल.

तिच्या निबंधात शुद्धलेखनाच्या सोळा चुका होत्या. त्या सगळ्यांवर मी खुणा केल्या आणि सर्वांत जास्त गुण तिला दिले. त्यावर तिच्याशी थोडे बोलावे म्हणून तास संपल्यावर थांबायला सांगितले. पण तिची बस साडेचारची होती आणि तिच्यानंतर दुसरी नव्हती.