खिशात कांदा, मैदानावर बर्फ

अमेरिकन फुटबॉलपटू कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघाताने कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी गेला. वय अवघे २७. रुग्णालयात त्याच्या शरीराचे तापमान १०८ फॅरनहाइटच्या वर भरले होते.

आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी क्रिकेटचे सामने रंगतात. खिशात कांदा असतो (असू द्या बापडा!), बर्फाच्या पाण्याचे टाके मात्र नसते. खेळाडू असंबद्ध बडबडू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की उष्माघात धरूनच चाला; अंग घामाने चिंब असले तरीही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा, डोके वर धरून. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. आयोजकांनो, चषकाआधी टाक्याची सोय करा.