परवाना कोणाचा, आवाज कोणाचा? सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक रेडिओचा धडा

१/९
७ एप्रिल १९६७ च्या रात्री टॉम डोनह्यू सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर प्रथम बोलले. अमेरिकेतील मुक्त रॉक रेडिओचा आरंभ पुष्कळदा या रात्रीपासून मोजतात आणि त्याचे श्रेय एका बंडखोराला देतात. हे श्रेय अपुरे आहे. त्याच केंद्रावर लॅरी मिलर मध्यरात्रीनंतर आधीपासूनच फोक-रॉक वाजवत होते.

२/९
त्या काळी लोकप्रिय संगीतावर एएम केंद्रांची सत्ता होती. ‘टॉप फोर्टी’ पद्धतीत मोजकीच गाणी दिवसभर फिरत. बहुतेक तीनेक मिनिटांची. डोनह्यू याच व्यवस्थेत घडले होते. केवायए या एएम केंद्राचे ते नामांकित निवेदक होते.

३/९
एफएम मात्र पडीक जमिनीसारखे होते. आवाज स्वच्छ, पण श्रोते थोडे. त्यामुळे अनेक मालक एएमचेच कार्यक्रम तेथे पुन्हा लावत. १९६४ मध्ये एफसीसी या सरकारी आयोगाने नियम केला: एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत अशी पुनरावृत्ती निम्म्याहून अधिक वेळ चालणार नाही. देशभर कोरे तास निर्माण झाले आणि ते भरायला स्वस्त, नवे काही हवे होते.

४/९
केएमपीएक्स स्वतंत्र असल्याने या नियमाबाहेर होते. त्याची अडचण दारिद्र्याची होती. परभाषिक कार्यक्रमांना वेळ विकून ते तग धरून होते. ज्या केंद्राचा फोन तोडलेला आढळला तेच डोनह्यूंनी निवडले, अशी आख्यायिका आहे. तिचा मथितार्थ खरा आहे: गमावण्यासारखे काही नसलेल्या मालकानेच प्रयोगाला दार उघडले.

५/९
प्रयोग मोठाच होता. लांब गाणी न कापता वाजू लागली. गाण्यांचा क्रम निवेदक स्वतः ठरवू लागला. ध्वनिनियंत्रणाच्या पुरुषी कामावर स्त्रिया आल्या. पुढे ख्यातनाम निवेदिका झालेल्या डस्टी स्ट्रीट त्यांपैकीच एक.

६/९
श्रोते आले, जाहिराती आल्या. त्यामागोमाग मालकाशी पैसा आणि नियंत्रण यांवरून वादही आला. १८ मार्च १९६८ च्या पहाटे कर्मचारी संपावर गेले. आवाज त्यांचा होता, पण परवाना मालकाचा. मे महिन्यात ही मंडळी दुसऱ्या केंद्रावर गेली. तेच पुढे केसॅन म्हणून गाजले. त्याचा मालक होता मेट्रोमीडिया हा बडा उद्योगसमूह.

७/९
तरीही केसॅनने शहराची स्मृती जपली. ६ डिसेंबर १९६९ रोजी अल्टामाँटच्या मैफलीत एका तरुणाची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी केंद्राने श्रोत्यांचे आणि साक्षीदारांचे फोन थेट प्रक्षेपित केले. ‘गिमे शेल्टर’ या माहितीपटात ते ऐकू येतात. १४ जानेवारी १९७८ ची सेक्स पिस्टल्सची विंटरलँड मैफलही याच केंद्राने थेट ऐकवली.

८/९
डोनह्यू १९७५ मध्ये वारले. दशकाच्या अखेरीस एफएमने श्रोतृसंख्येत एएमला मागे टाकले आणि पडीक जमिनीला सोन्याचा भाव आला. बाजारपाहणीवर बेतलेल्या गाण्यांच्या याद्या देशभर रुळल्या. नोव्हेंबर १९८० मध्ये केसॅनने रॉक सोडून कंट्री संगीत धरले. ज्या टॉप फोर्टीविरुद्ध हे सारे उभे राहिले, तिचेच तर्कशास्त्र अखेर एफएमवर आले.

९/९
या शेवटाला ‘आदर्शांचा ऱ्हास’ म्हणणे सोपे आहे, पण ते कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. त्यांनी आदर्श विकले नाहीत. विकता येईल अशी वस्तू, म्हणजे परवाना, त्यांच्या हाती कधी नव्हतीच. लहरीला किंमत नव्हती तोवर त्यांना मोकळीक होती, आणि ती किंमत त्यांच्याच यशाने वाढवली. माध्यमांचा इतिहास वाचताना निवेदकांच्या नावांइतकेच लक्ष परवान्यावरील नावाकडे द्यायला हवे. १९६८ च्या संपाने हा प्रश्न विचारला होता. संपकऱ्यांना त्याचे उत्तर म्हणून केवळ नवा मालक मिळाला.