धोक्याची माहिती कुणाच्या मालकीची?

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत ७ बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे ठार झाली, ८०० हून अधिक जखमी झाली. डब्यांतून जखमींना प्रथम कुणी बाहेर काढले? रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतील माणसांनी. घरातल्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमी उचलले. ज्यांना एरवी अतिक्रमण करणारे म्हणून हिणवले जाते, तेच त्या संध्याकाळी सर्वांत आधी धावले. सुरक्षेच्या चर्चेत मात्र ही माणसे कुठेच नसतात. आमच्या मते, सार्वजनिक वाहतुकीच्या सुरक्षेतील मूळ दोष इथेच आहे.

मुंबईच्या लोकलने रोज ७० लाखांच्या आसपास माणसे प्रवास करतात. सकाळी सव्वाआठच्या गर्दीत प्रत्येकाची पिशवी उघडून पाहता येईल काय? मेट्रोच्या दारात यंत्रातून पिशवी जाते. कल्याण, विरार, कुर्ल्याच्या फलाटांवर हे शक्य नाही, हे सर्वांना कळते. जिथे झडती शक्य नाही तिथे माहिती हेच खरे हत्यार उरते. धोका कुणाला दिसला, त्याने तो कुणाला सांगितला, तो किती वेळात खरा-खोटा ठरला आणि प्रवाशापर्यंत काय पोचले, या चार प्रश्नांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आता व्यवस्था पाहा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे संघसूचीत आहे, तर पोलीस राज्यसूचीत, आणि त्या नोंदीत रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे एकाच फलाटावर केंद्राचे रेल्वे सुरक्षा बल आणि राज्याचे लोहमार्ग पोलीस असे दोघे उभे असतात. जिना उतरून रस्त्यावर आलात की शहर पोलिसांची हद्द. बेस्ट महापालिकेची, एसटी महामंडळाची, मेट्रोवर महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान. अधिकारांची वाटणी असणे हा दोष नव्हे. संघराज्यात ती असणारच. पण प्रवासी एकच असतो. तो बसमधून उतरून लोकलमध्ये चढतो आणि लोकलमधून मेट्रोत जातो. धोकाही त्याच्याबरोबर हद्द ओलांडतो. माहिती मात्र हद्दीवरच अडते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने राम प्रधान समिती नेमली. गुप्तवार्तांचे इशारे आले होते, परंतु ते हाताळण्याच्या पद्धतीत गोंधळ होता, असे त्या समितीने दाखवून दिले. म्हणजे माहिती नव्हती असे नाही. ती फायलींत होती. त्यानंतर केंद्रातील बहुसंस्था केंद्र बळकट करण्यात आले, राज्यांतील त्याच्या शाखाही वाढवल्या गेल्या. हे आवश्यकच होते. परंतु ही सारी देवाणघेवाण अधिकाऱ्यांच्या खोल्यांत होते. फलाट झाडणारा कंत्राटी सफाई कामगार, हमाल, बूट पॉलिशवाला, बेस्टचा वाहक, रुळांवरचा गँगमन यांच्यापर्यंत त्यातले काय येते? आणि यांनी काही पाहिले तर ते वर कोणत्या वाटेने जाते? बेवारस पिशवी अधिकाऱ्याला दिसत नाही. ती झाडूवाल्याला दिसते. पण ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, तो साक्षीला बसवतील, दिवसाची मजुरी बुडेल, या भीतीने गप्प राहतो. त्याला गप्प कुणी केले? व्यवस्थेने.

त्याच २६ नोव्हेंबरच्या रात्री सीएसटी स्थानकात ५० हून अधिक लोक मारले गेले. तरी शेकडो वाचले, कारण उद्घोषणा कक्षातल्या एका कर्मचाऱ्याने गोळीबार सुरू असताना ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे सांगितले. वरून आदेश येण्याची वाट त्याने पाहिली नाही. खालच्या कर्मचाऱ्याच्या हाती योग्य माहिती आणि ती सांगण्याचे साधन असले की काय होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

धोका म्हणजे फक्त बॉम्ब नव्हे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो पूल अपुरा पडतो, हे प्रवासी आणि लोकप्रतिनिधी आधीपासून सांगत होते. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीबाहेरचा पादचारी पूल कोसळून पुन्हा बळी गेले, तेव्हा पूल रेल्वेचा की महापालिकेचा, हाच वाद आधी सुरू झाला. प्रवाशाचे तक्रारपत्र ही धोक्याची सूचनाच असते. गुप्तचराच्या अहवालाला जे वजन आहे ते डोंबिवलीच्या नोकरदार बाईच्या अर्जाला का नाही?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संशय म्हणजे माहिती नव्हे. जुलै २००६ च्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतील ५ जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढाच अंतरिम आदेश झाला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले गेले नाही. १९ वर्षे तुरुंगात गेलेल्यांना न्याय नाही, आणि ज्यांची माणसे गेली त्यांनाही नाही. ११ जुलै ही तारीख आम्हाला आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १९९७ साली याच दिवशी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. जमाव टँकर पेटवणार होता, असे तेव्हा सांगण्यात आले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. पडताळणी न केलेला 'धोका' माणसे कशी मारतो, हे आमच्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की माहितीची देवाणघेवाण वाढवा, पण तिच्यावर पडताळणीचा आणि जबाबदारीचा पहारा ठेवा.

'सुरक्षेचा प्रश्न आहे, सांगता येणार नाही' हे उत्तर आम्ही वकिलांनी अनेकदा ऐकले आहे. माहिती अधिकार कायदा २००५ मधील कलम ८ देशाच्या सुरक्षेची माहिती राखून ठेवते, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम १० सांगते की, गुप्त भाग वेगळा करून उरलेली माहिती द्यावी. गुप्तचराचे नाव आम्हाला नको आहे. फलाटावरून बाहेर पडायची वाट कोणती, इशारा मिळाल्यावर गाडी थांबवण्याचा अधिकार कुणाला, शेवटचा सराव कधी झाला, हे कळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हे अशक्य नाही. ६ डिसेंबरला दादरला लाखो अनुयायी येतात. विशेष गाड्या सुटतात, बेस्टच्या जादा बसगाड्या धावतात, महापालिका सोयी करते, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावतात. खेड्यापाड्यांतून आलेली, मुंबई कधी न पाहिलेली माणसे स्वयंसेवकाच्या शब्दावर वाट धरतात, कारण तो आपला आहे असा त्यांचा विश्वास असतो. विश्वास असला की माहिती दोन्ही दिशांनी वाहते. दंडुक्याने ती वाहत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रेल्वेच्या सुरक्षेसाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय समिती असते. तिच्या धर्तीवर प्रत्येक मोठ्या स्थानकात रेल्वे सुरक्षा बल, लोहमार्ग पोलीस, शहर पोलीस, बेस्ट, एसटी व मेट्रो यांचा एक संयुक्त कक्ष असावा, आणि त्याच्या दरमहा बैठकीत कामगार संघटना व प्रवाशांचे प्रतिनिधी, त्यांतही महिला, बसाव्यात. सूचना देणाऱ्या कंत्राटी कामगाराची मजुरी कापली जाणार नाही व त्याला नाहक त्रास होणार नाही, असा लेखी नियम करावा. रेल्वेचा १८२ क्रमांक २०२१ साली १३९ मध्ये विलीन झाला. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि आपत्कालीन ११२ वेगळे आहेत. कोणत्याही क्रमांकावर आलेली सूचना त्याच क्षणी सर्वांना दिसली पाहिजे. प्रत्येक इशाऱ्याची नोंद व्हावी, कुणी पडताळला ते लिहिले जावे. आणि उद्घोषणा मराठी-हिंदीत, सरळ शब्दांत व्हावी.

यासाठी नवा कठोर कायदा लागत नाही. झाडू हाती असलेल्या माणसाच्या शब्दाला खुर्चीवरच्या माणसाने किंमत द्यावी, एवढेच लागते. आपल्या संघटनांनी, युनियनच्या शाखांनी, वकील मित्रांनी आपापल्या स्थानकासाठी माहिती अधिकाराचा एकेक अर्ज टाकावा. शेवटचा संयुक्त सराव कधी झाला, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर काय येते, यावरून आपली सुरक्षा किती खरी आहे ते कळेल.