सही कोणाची?

भाताच्या हंगामात पवनी किंवा लाखांदूरच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याने दुकान सोडून नागपूरला जाणे म्हणजे अख्खा दिवस खर्ची घालणे होय. अशा दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांना रात्री ताप भरला आणि गावातील दवाखाना बंद असला, तर नातू मोबाइल हातात घेतो. पडद्यावरील ॲप एकामागून एक प्रश्न विचारते आणि पाच मिनिटांत तीन संभाव्य आजारांची नावे सांगून मोकळे होते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हा दिलासा कितपत खरा, हे मात्र त्या घाईत कोणी विचारत नाही. व्यापारी धनादेश स्वीकारताना प्रथम सही पाहतो. आरोग्याच्या व्यवहारातही ती सवय ठेवण्याची वेळ आली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे घरबसल्या प्राथमिक उपचार देणाऱ्या कंपन्यांची रचना साधारणतः सारखीच असते. कुटुंबाकडून वर्गणी घेतली जाते. संगणकप्रणाली रुग्णाची हकीकत विचारते, जुने अहवाल वाचते, टिपण तयार करते आणि मग डॉक्टर पडद्यावर येतो. डॉक्टरचा वेळ वाचतो, तो अधिक रुग्ण पाहू शकतो आणि त्या बचतीवर कंपनीचे गणित उभे राहते. यात गैर काही नाही. प्रश्न उद्भवतो तो डॉक्टर पडद्यावर येण्यापूर्वीच यंत्र निर्णय देऊ लागते तेव्हा.

आपल्याकडील नियम याबाबत स्पष्ट आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली रुग्णाला सल्ला देऊ शकत नाही आणि औषधही लिहून देऊ शकत नाही. ती डॉक्टरला साहाय्य करू शकते. अंतिम सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यावयाचा असतो. चिठ्ठीवर त्याचे नाव व नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. झोपेच्या व व्यसन लावणाऱ्या काही औषधांना दूरसल्ल्यातून पूर्ण मनाई आहे. थोडक्यात, हिशेब यंत्राने करावा, पण सही माणसाची हवी.

ही व्यवस्था सरकारने स्वतःही उभी केली आहे. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेली ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून रक्तदाब, तापमान व साखर मोजतो आणि मग दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. संभाव्य निदान सुचवणारी संगणकीय मदतही आता या सेवेत आहे. ती सूचना डॉक्टरसाठी असते. सल्ल्याला शुल्क नाही. ज्या घरांत मुनीम, हमाल व घरकामाच्या बाईंच्या दवाखान्याचा खर्चही पेढीच उचलते, त्यांनी ही सेवा अवश्य माहीत करून घ्यावी.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत लंडनच्या ‘बॅबिलॉन हेल्थ’ची कथा प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावी अशी आहे. एकेकाळी गुंतवणूक बँकेत काम केलेल्या अली पारसा यांनी २०१३ मध्ये ती स्थापन केली. २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले की, डॉक्टरांच्या परीक्षेतील नमुना प्रश्नांवर तिच्या यंत्राला ८१ टक्के गुण मिळाले असून उत्तीर्णांची सरासरी मर्यादा ७२ टक्के आहे. तेथील डॉक्टरांच्या संस्थेने हा दावा मान्य केला नाही. पुढे असेही उघड झाले की, छातीत अचानक दुखणाऱ्या पुरुषाला यंत्र हृदयविकाराची शक्यता सांगत होते, तर तशीच लक्षणे सांगणाऱ्या स्त्रीला घाबरगुंडीचा झटका सुचवत होते. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीचे मूल्य ४.२ अब्ज डॉलर ठरले. २०२२ मध्ये तिची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर गेली आणि त्याच वर्षी तोटा बावीस कोटी डॉलरच्या घरात होता. ऑगस्ट २०२३ मध्ये ती कोसळली. आफ्रिकेतील रवांडामध्ये लाखो लोकांनी नाव नोंदवलेली तिची सेवाही त्याच वर्षी बंद पडली.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे पेढीवर बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. येथे धडा वेगळा आहे. किराणा पुरवणारा व्यापारी बुडाला तर ग्राहक दुसरे दुकान गाठतो. कुटुंबाचा दहा वर्षांचा वैद्यकीय इतिहास ज्या कंपनीकडे आहे ती बुडाली, तर तो इतिहासच हाती राहत नाही. म्हणून मूळ अहवालांची फाइल घरच्या कपाटातच हवी.

याची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. केनियातील नैरोबी शहरात ‘पेंडा हेल्थ’च्या पंधरा दवाखान्यांत सुमारे ४० हजार रुग्णभेटींवर अभ्यास झाला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे यंत्र रुग्णाशी बोलत नव्हते. ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या टिपणांवर नजर ठेवून चूक दिसताच इशारा देत होते. यंत्राची साथ असलेल्या कर्मचाऱ्यांच्या निदानातील चुका सुमारे १६ टक्क्यांनी आणि उपचारातील चुका सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळल्या. जाणत्या माणसाशेजारी बसलेले यंत्र उपयोगी ठरते, हे त्यातून दिसते.

भंडारा जिल्ह्यापुरते पाहिले तर शेजारी माणूस असण्याचे महत्त्व आणखी वाढते. २०१८ च्या पावसाळ्यात पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. गवत-झुडपांतील सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप सुरुवातीला इतर तापांसारखाच भासतो. चाव्याच्या जागी पडणारी काळी खपली बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी दडलेली असते. रुग्णाला ती ठाऊक नसते, म्हणून तो ॲपला सांगत नाही. डॉक्टर कपडे बाजूला सारून तपासतो तेव्हाच ती सापडते. योग्य औषध वेळीच मिळाले तर रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तीच गोष्ट सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. दुकानातील तरुण नोकर वारंवार हातपाय दुखल्याची तक्रार करू लागला, तर ॲप थकव्याचे कारण सांगेल. या भागात मुरलेला डॉक्टर रक्ततपासणी सुचवेल.

घरच्या आचारधर्माचेही असेच आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजोबा पर्युषणात उपवास करतात, आजी चौविहार पाळून सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. रात्रीची गोळी लिहून देणाऱ्या यंत्राला याची कल्पना नसते, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील साखर धोकादायकपणे उतरते. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, हेही अनेकांना ठाऊक नसते. व्रताआधी आठवडाभर डॉक्टरशी बोलून मात्रा व वेळा बदलून घेणे हा यावरचा साधा उपाय होय. दूरसल्ला घेतानाही पहिल्याच वाक्यात उपवासाचा उल्लेख करावा.

एक विषय घरात उघडपणे बोलला जात नाही. आरोग्याची माहिती बाहेर गेली तर विम्यावर आणि मुलामुलींच्या सोयरिकींवर परिणाम होईल, ही भीती अनेकांना असते. ती निराधार नाही. जून २०२० मध्ये बॅबिलॉनच्याच एका ग्राहकाला ॲपमध्ये इतर रुग्णांच्या तपासणीच्या चित्रफिती दिसल्या होत्या. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तरीही ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी कशाला मान्यता देत आहोत हे वाचण्याची जबाबदारी शेवटी घरच्यांचीच राहते. कर्जाच्या कागदांवर न वाचता सही करणाऱ्याला जे भोगावे लागते, तेच येथेही भोगावे लागते.

अशा सेवेची वर्गणी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. सल्ला देणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे काय?
२. मागितल्यास डॉक्टर स्वतः बोलतो काय, आणि मराठीत बोलतो काय?
३. वर्गणी थांबवल्यावर आपली माहिती आपल्याला परत मिळते व कंपनीकडून पुसली जाते काय?
४. प्रत्यक्ष तपासणीची गरज भासल्यास जवळच्या कोणत्या दवाखान्यात पाठवले जाते?
५. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत दूरसल्ल्याचा खर्च धरला आहे काय? पॉलिसीत डॉक्टरच्या सल्ल्याचा खर्च समाविष्ट असेल, तर दूरसल्लाही मान्य करावा, असे विमा नियामकाने जून २०२० मध्येच कळवले आहे.

छातीत कळ, एका बाजूला आलेली लुळेपणाची भावना, धाप, बेशुद्धी, सर्पदंश किंवा लहान बाळाचा तीव्र ताप यांत मात्र ॲप उघडण्यात एक मिनिटही घालवू नये. थेट १०८ क्रमांक फिरवावा व रुग्णालय गाठावे.

गावच्या डॉक्टरला संपूर्ण घर ठाऊक असते. आजोबांना गोळ्यांचा कंटाळा आहे, सून स्वतःचे दुखणे शेवटी सांगते, धाकट्या मुलाला पेनिसिलिन सोसत नाही, हे त्याच्या ध्यानात असते. नव्या यंत्राने त्याच्या हाताला बळ दिले तर ते घरात आनंदाने घ्यावे. पण चिठ्ठीच्या तळाशी चुकीची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची सही नसेल, तर वटण्याची खात्री नसलेल्या धनादेशासारखी ती चिठ्ठी शांतपणे परत करावी.