चिमणीवर मारलेली लाल रेघ

खानदेशातील थंडी कशी असते हे धुळे-जळगावच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघणारा हा मुलूख, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सहा-सात अंशांपर्यंत खाली येतो. अशा दिवसांत शाळकरी पोरांना गार पाण्याने आंघोळ करा म्हणणे जिवावर येते. म्हणूनच आमच्या भागातील एका लहान वसतिगृहाच्या समितीने काही वर्षांपूर्वी चाळीस मुलांसाठी मोठा गॅस हीटर घ्यायचे ठरवले. समितीचे हिशेब आमच्याकडे होते. आजचा लेख म्हणजे त्या हिशेबातील आमच्या चुकीची कबुली आहे. ती झाकून ठेवण्यापेक्षा चार घरांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

गॅसचे काम करणाऱ्या कारागिराने अंदाजपत्रक दिले. हीटर, रेग्युलेटर, पाइप, मजुरी आणि शेवटची ओळ : धुराची चिमणी व भिंतीला दोन जाळ्या, रुपये 6,400. पैसा वर्गणीचा, कष्टकऱ्यांच्या घरांतून थोडा थोडा जमलेला. आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनीत उभी हयात गेलेली. काटकसर म्हणून त्या शेवटच्या ओळीवर आम्ही लाल रेघ मारली. कारागीर म्हणाला, "साहेब, चिमणी वरखर्च नाही, ती हीटरचाच भाग आहे. तिच्याशिवाय मी बसवून देणार नाही." आम्ही म्हणालो, "खिडकी आहे ना?" आणि दुसऱ्याकडून हीटर बसवून घेतला.

न्हाणीघरांना लागून असलेल्या आठ फूट लांब, आठ फूट रुंद, नऊ फूट उंच खोलीत हीटर लागला. पहिला महिना बरा गेला. थंडी वाढली तशी मुलांनी खिडकीला पुठ्ठा लावला, दार लोटून घेतले आणि ऊब मिळते म्हणून त्याच खोलीत रांग लावू लागली. एके दिवशी पहाटे एक मुलगा भिंत धरून खाली बसला. "मावशी, डोकं गरगर फिरी ऱ्हायनं," एवढेच तो बोलला. त्याच्या मागचे दोघे ओकले. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी काही विचारत न बसता दार उघडले, पुठ्ठा फाडला, गॅस बंद केला आणि तिघांना ओढून अंगणात आणले. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. आमची पदवी त्या दिवशी त्यांच्यापुढे खाली मान घालून उभी होती.

मुले वाचली. दवाखान्यात एकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा 98! आम्ही म्हटले, म्हणजे काही विशेष नाही. डॉक्टर म्हणाले, "या विषात हे यंत्र फसते." हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर त्याला प्राणवायूच समजतो. उघड्या हवेत हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूचा मास्क लावला तर साधारण तास-सव्वा तास. म्हणून घरी झोपवून ठेवायचे नाही, दवाखान्यात न्यायचे.

नंतर आम्ही तो हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. 1 किलो गॅस नीट जळायला सुमारे 425 घनफूट हवा लागते. आमचा हीटर तासाला दोन किलो जाळणारा, म्हणजे मिनिटाला 14 घनफूट हवा खाणारा. खोली 576 घनफुटांची. दार-खिडकी बंद असता दहा मिनिटांत चौथा हिस्सा हवा खलास! ज्योत बिघडायला तेवढीही वेळ लागत नाही. आणि हा प्रश्न वसतिगृहाचाच नाही. घरचा सहा लिटरचा गिझर याच्या निम्मा गॅस खातो, पण चार बाय सहाचे, आठ फूट उंचीचे न्हाणीघर त्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. म्हणजे घरात धोका अधिक. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला एका शाळकरी मुलीचा बाथरूममधील गॅस गिझरमुळे असाच जीव गेला.

आपल्या आजीच्या काळी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधोमध धुराची नळी असे आणि तो अंगणात पेटे. जुन्या माणसांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण आग आणि आंघोळ एका बंद खोलीत नको, हे ठाऊक होते. नव्या हीटरलाही नियम तोच आहे.

वसतिगृह, मंगल कार्यालय, लॉज, सलून, खानावळ, जिथे आपण राहतो किंवा राबतो, तिथे या गोष्टी पाहून घ्याव्यात :

1) हीटर शक्यतो बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा पत्र्याच्या शेडखाली लावावा. पाण्याची नळी आत न्यावी, आग नाही. सिलिंडर उभा, बाहेर आणि सावलीत असावा. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खड्डा, तळघर, उघडे गटार यांच्याजवळ सिलिंडर नको.

2) हीटर खोलीतच असेल तर धुराची नळी पत्र्याची किंवा स्टीलची हवी, प्लॅस्टिकची नव्हे. हीटरच्या तोंडापेक्षा ती अरुंद नको. आधी सरळ वर, मग बाहेर जाताना चढतीच हवी. झोल पडला तर पाणी साचते आणि धूर अडतो. वळणे कमीत कमी. बाहेरचे तोंड खिडकीखाली किंवा बंद डक्टमध्ये नको, त्यावर टोपी हवी.

3) भिंतीला दोन जाळ्या हव्यात, एक जमिनीजवळ, एक छताजवळ. त्या पुठ्ठ्याने, पोत्याने कधी बुजवू नयेत.

4) परीक्षा सोपी आहे. हीटर चालू करून दार लावावे, एक्झॉस्ट फॅन असेल तर तोही चालू करावा आणि पाच मिनिटांनी नळीच्या खालच्या तोंडाशी अगरबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत परतला तर हीटर तेव्हाच बंद करावा. फॅन कधी कधी चिमणीतलाच धूर उलटा खेचतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली, भिंतीवर काजळी धरली, की कारागिराला बोलवावे.

5) गॅसची रबरी नळी आय.एस.आय. शिक्क्याची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गळती साबणाच्या पाण्याने पाहावी, काडीने नव्हे.

6) धंद्याच्या जागी घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर वापरणे सन 2000 च्या आदेशाने मना आहे, तिथे व्यावसायिक सिलिंडरच लागतो, बहुधा 19 किलोचा. परवान्याशिवाय साठा 100 किलोपर्यंतच ठेवता येतो. पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो. सहावा आला की नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या खात्याचा परवाना लागतो.

गॅसचा वास आला तर बटण दाबू नये, दारे उघडावीत, बाहेर जाऊन 1906 वर फोन करावा. आंघोळीत डोके दुखले, पाय गळाले, मळमळले तर आधी बाहेर उघड्यावर यावे आणि 108 ची गाडी बोलवावी. आत गेलेल्याला हाका मारून उत्तर आले नाही तर दार तोडायला लाजू नये.

वसतिगृहाचा हीटर आता मागच्या शेडमध्ये आहे. त्याचा खर्च 6,400 पेक्षा अधिक आला, तो आम्ही आमच्या पगारातून दिला. तो मोठेपणा नव्हे, तो दंड. लाल रेघ मारलेले ते अंदाजपत्रक आम्ही कचेरीतील खणात ठेवले आहे. कोणाचे खर्चाचे पत्रक तपासायला आले की आधी ते काढून पाहतो. आपल्या समितीपुढे, आपल्या मालकापुढे असा कागद आला तर एवढे जरूर विचारा : पाणी कसे तापेल ते समजले, धूर कुठून जाईल?