आजारी नसलेले मूल

बालकांच्या प्राथमिक आरोग्यसेवेतला मोठा भाग आजारी नसलेल्या मुलासाठी असतो. वजन घेणे, लस टोचणे, अंगावरचे दूध नीट चालू आहे का पाहणे, वरचे अन्न कधी आणि किती द्यायचे ते सांगणे, ही सगळी कामे मूल हसतखेळत असतानाच करायची असतात. नेमकी म्हणूनच ती मागे पडतात. तापाने फणफणलेले मूल घेऊन आईबाप अपरात्री दवाखाना गाठतात. दोन महिन्यांत वजन वाढले नाही म्हणून कोणी धावत सुटत नाही.

धोका सर्वांत जास्त असतो तो अगदी सुरुवातीला. भारतात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले पहिल्या २८ दिवसांतच जातात. अपुऱ्या दिवसांचा किंवा कमी वजनाचा जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची मुख्य कारणे. यावर इस्पितळाबाहेर, घरातच काय करता येते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. बाळ उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, ही कामे त्या बाळंतिणीच्या खोलीत बसून करू लागल्या. आधी तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत; १९९७-९८ मध्ये हा आकडा सुमारे २६ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

त्याच जिल्ह्यात न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. लाकडी चौकटीत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे पोट वरखाली होताना मोजायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या गतीने चालला आहे. दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या दाईलाही हे जमते. महागडी यंत्रे घेऊन ती धूळ खात ठेवणाऱ्या व्यवस्थेने या मण्यांकडे पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही.

२०११ पासून गडचिरोलीतली ही घरभेटीची पद्धत देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. तिला औषधापेक्षा रीतिरिवाजांशीच जास्त झगडावे लागते. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घातले जाते, त्याने ते गारठते. पहिला चीक पिळून टाकतात, घशात मध किंवा घुटी घालतात. पहिली दिवाळी म्हणून चार महिन्यांच्या बाळाच्या जिभेला पाकातल्या लाडवाचा कण लावण्याची हौस तर शिकल्यासवरलेल्या घरांतही असते. सहा महिने फक्त आईचे दूध, ही गोष्ट आजीला पटवल्याशिवाय घरात चालत नाही.

लसीकरणाचा सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ पासून आहे. त्याची घडी चांगली बसली आहे, पण गळती होते ती पुढच्या डोसांना. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट दिल्यावर रात्री ताप येतो, मांडी सुजते, आई घाबरते आणि पुढच्या डोसाला येतच नाही. टोचल्यावर नर्सबाईने चार गोष्टी सांगायच्या असतात: लस कशाची, त्रास काय होईल आणि झाला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, कार्ड जपून ठेवायचे. रांग मोठी असली की यातली दुसरी गोष्टच पहिल्यांदा गळते. डोस चुकल्याची किंमत २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराच्या साथीत दिसली. कोविडच्या काळात लसीकरण विस्कळीत झाले होते. गोवरासारखा अतिशय संसर्गजन्य आजार अशी फट बरोबर शोधतो.

सहाव्या महिन्यात उष्टावण होते, आणि कुपोषणाची खरी सुरुवातही याच सुमारास. वरणाचे पाणी, डाळीचे पाणी यांनी पोट भरते, अंग भरत नाही. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट हवे, त्यात थोडे तेल किंवा तूप हवे. आजारातून उठल्यावर एक जेवण जास्त द्यावे लागते. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता याचसाठी असतो. रेषा हिरव्या पट्ट्यात असली, तरी आडवी झाली की समजायचे, काहीतरी बिघडले आहे. तक्ता भरला जातो, आईला वाचून मात्र दाखवला जात नाही. तो वरच्या कार्यालयाला पाठवण्यापुरता उरतो.

याच कुपोषणाशी लढण्यासाठी महाराष्ट्र सरकारचे राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये औरंगाबादेत सुरू झाले. २००५-०६ ते २०१२ या काळात राज्यातल्या दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३९ वरून सुमारे २३ टक्क्यांवर आले. त्या घसरणीचे कौतुक झाले, पण पुढे गाडी अडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले खुरटलेली आढळली, चौथ्या फेरीतही जवळपास तितकीच होती. रक्तक्षय असलेली मुले तर ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेली.

जुलाबात प्राण जातो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. जलसंजीवनी, जोडीला १४ दिवस झिंकची गोळी आणि अंगावरचे दूध चालूच, इतक्यावर बहुतेक मुले सावरतात. ‘सलाईन लावा’ हा आग्रह मात्र सुटत नाही. वर्षभरानंतर जंतनाशक गोळी, सहा-सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी, असा पुढचा क्रम आहे. हृदयातले छिद्र, फाटलेला ओठ, कमी ऐकू येणे हे दोष या तपासणीत सापडतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. त्यासाठी पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर असावे लागते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले नेमकी तेव्हा फडावर असतात.