निरोप भलतीकडे, भुर्दंड शेतकऱ्याला



आमच्या मोबाईलवर आमचेच निरोप येतील याचा आता भरवसा राहिलेला नाही. भलत्या गावच्या, भलत्या नावाच्या माणसाच्या अर्जात त्रुटी आहे, सात दिवसांत कागद आणून द्या, असा निरोप आमच्या मोबाईलवर येऊन पडतो. तो माणूस कोण, आम्हाला ठाऊक नाही. त्याला त्रुटीचा पत्ता नाही. मुदत टळते आणि अर्ज बाद होतो. आमचा निरोप असाच कोणाच्या खिशात वाजत असेल, तर तेही कळायला मार्ग नाही. कचेरीत विचारावे, तर साहेब कॉम्प्युटरकडे बोट दाखवतात. "सॉफ्टवेअरची चूक आहे, आमच्या हातात काही नाही."

आमचा सवाल साधा आहे. चूक सॉफ्टवेअरची, मग शिक्षा शेतकऱ्याला का?

ही चूक होते कशी, ते समजून घेऊ. त्यात जादूटोणा काही नाही. यादीत एका रकान्यात नावे असतात, दुसऱ्या रकान्यात मोबाईल नंबर. नावे वरखाली लावताना नंबरांचा रकाना जागच्या जागी राहिला, किंवा मधला एक नंबर गळाला, की तिथून खाली प्रत्येकाचा निरोप दुसऱ्याच्याच नंबरावर जातो. पेरताना तिफणीच्या नळ्यात माती अडकली तर ते तास मोकळे जाते. पण आठ दिवसांनी उगवण झाली की आमची चूक साऱ्या गावाला दिसते. कॉम्प्युटरची चूक दिसत नाही. उलट त्याच्या दप्तरात "निरोप पोचला" अशी नोंद होते. ही पोच नंबराची असते, माणसाची नसते. आणि याच नोंदीवर बोट ठेवून साहेब सांगतात, "तुम्हाला कळवले होते."

कोतवाल दवंडी पिटायचा, ती साऱ्या गावाच्या कानावर पडायची. मनीऑर्डर आली की पोस्टमन माणूस ओळखून पैसे द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि ती पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची. पैसे कोणाच्या हातात पडले हे पाठवणाऱ्याला कळायचे. आजच्या निरोपाला जे जमत नाही, ते त्या कागदाच्या चिटोऱ्याला जमत होते. आम्ही मोबाईलच्या विरोधात नाही. बाजारभाव, पावसाचा अंदाज घरबसल्या मिळतो, तो आम्हाला हवाच आहे. पण निरोप पाठवला म्हणजे कळवले, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला मोबाईल वापरता येत नाही म्हणून हे घडते. मग अमेरिकेचे काय? २०१० साली गूगलच्या अँड्रॉइड मोबाईलमधून एकाला लिहिलेला निरोप दुसऱ्यालाच जातो, अशा तक्रारी झाल्या. जानेवारी २०११ मध्ये कंपनीला दोष कबूल करून दुरुस्ती काढावी लागली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथल्या सिनिव्हर्स या कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला. त्यात अडकलेले १ लाख ६८ हजारांवर निरोप नऊ महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, लोकांच्या मोबाईलवर जाऊन पडले. ती माणसे काही अडाणी नव्हती. यंत्र चुकते. जगात सगळीकडे चुकते. म्हणूनच चुकीचा भार कोणी सोसायचा, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्याकडे तो भार कोणावर पडतो, हे २०१७ च्या कर्जमाफीने दाखवले. जूनमध्ये घोषणा झाली. ऑनलाइन अर्जासाठी शेतकऱ्यांनी केंद्रांपुढे रांगा लावल्या. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली. मग याद्या बँकांकडे गेल्या, तर एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे. घोळ यादीचा, आणि थांबला कोण? खाते निल होण्याची वाट पाहणारा शेतकरी.

आमच्यासाठी मुदती मात्र पक्क्या. पीकविम्याच्या २०१८ च्या नियमांत स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवण्याची अट होती. शेतात गुडघाभर पाणी असो, घरात आजारपण असो, ७३ वा तास चालत नाही. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून तारीख घेणे सक्तीचे झाले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे सारे गणित त्या एका तारखेवर. एवढ्या नाजूक दोरीला वर्षाची कमाई टांगायची असेल, तर दोरी तुटल्यावर जबाबदार कोण, हे आधी लिहून द्या.

आणि हे अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना बजावले की, खात्यातून परस्पर पैसे गेले तर दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. तक्रारीचे दिवसही ग्राहकाला बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजायचे. जो न्याय बँकेच्या ग्राहकाला, तो शेतकऱ्याला का नाही?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या अशा :

१. केवळ मोबाईलवर निरोप पाठवला म्हणून कोणाचा अर्ज, विमा, अनुदान किंवा खरेदीची तारीख बाद करू नये.

२. मुदत पाठवल्याच्या दिवसापासून नव्हे, शेतकऱ्याला कळल्याच्या दिवसापासून मोजावी. कळवल्याचा पुरावा कचेरीने द्यावा.

३. त्रुटीची आणि तारखांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी आणि दवंडी द्यावी.

४. चूक यंत्रणेची निघाली तर अर्ज पुन्हा घ्यावा आणि झालेले नुकसान भरून द्यावे.

नंबर बदलला तर कळवणे हे आमचे काम. ते आम्ही करू, पण कळवल्याची पोच घेऊ.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. दुसऱ्याचा निरोप आला तर पुसू नका. तारीख, वेळ वहीत लिहा आणि ती वही बैठकीला आणा. माणूस ओळखीचा निघाला तर त्याला निरोप सांगा. पैसे जमा झाल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ कोणी फोन करून "चुकून आले, परत पाठवा" म्हणाला, तर आधी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. ओटीपी कोणालाही सांगू नका.

एकट्याची तक्रार साहेब टोपलीत टाकतात. शंभर वह्या टेबलावर पडल्या की त्यांना सॉफ्टवेअरचे नाव पुढे करता येणार नाही. यादी करणारा माणूस असतो, यंत्र विकत घेणारा माणूस असतो, त्याचे बिल मंजूर करणाराही माणूसच असतो. आम्हाला त्या माणसाची सही हवी आहे.